टीमवर्क शिकायचंय? मीठ वाढणाऱ्या पोराकडे आणि चोपदाराकडे बघा



नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारतो, "धंद्यात सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची?" ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही ते म्हणतात भांडवल. सहा महिने झालेले म्हणतात उधारी. पण ज्यांचं वर्ष-दोन वर्षं झालंय, हाताखाली तीन-चार माणसं आहेत, त्यांचं उत्तर ठरलेलं: "सर, माणसं टिकत नाहीत."

मग मी विचारतो, "त्यावर काय केलंत?" उत्तर येतं, "ग्रुपवर रोज सकाळी मोटिव्हेशनल व्हिडिओ टाकतो."

मी स्वतः व्हिडिओ बनवतो, तरी सांगतो. सकाळी नऊ वाजता सायकलवरून दुकानात येणाऱ्या पोराला मुंग्या एकजुटीने साखर कशी नेतात याचा व्हिडिओ दाखवून काही होत नाही. तो अंगठा दाखवतो आणि दिवाळीचा बोनस घेऊन निघून जातो.

टीमवर्क शिकायला लांब जायची गरज नाही, हे मी नेहमी म्हणतो. लग्नाची पंगत, वारी, मुंबईचे डबेवाले, गल्लीतलं गणपती मंडळ. सगळं डोळ्यासमोर आहे. आपण तिथे बघतो, पण बघतो ते चुकीचं. भक्ती दिसते, जोश दिसतो, निष्ठा दिसते. हे सगळं चालतं कसं, कोणी काय करायचं हे कसं ठरतं, एखादा आला नाही तर काय होतं, कुणाचं बिनसलं तर तो कुठे बोलतो, हे आपण विचारतच नाही. आणि धंद्याला उपयोगी पडतं ते हेच.

डबेवाल्यांचं घ्या. टीमवर्कवर बोलणारा प्रत्येक ट्रेनर फिरून फिरून डबेवाल्यांवर येतो. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली, २००३ मध्ये इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, हे सगळं सांगून झालं की शेवटी येतं, "बघा, याला म्हणतात निष्ठा!" समोर बसलेला मालक हे वाक्य लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पोरांना ऐकवतो.

आता नीट बघा. डबेवाला हा पगारी नोकर नाही. तो आपल्या गटाचा भागीदार आहे. गटाला मुकादम असतो, गटाची कमाई गटातच वाटली जाते. डबा उशिरा पोचला, गिऱ्हाईक तुटलं, तर नुकसान त्याचं स्वतःचं. गटात एखाद-दोन माणसं जादा धरलेली असतात, कारण कोणीतरी आजारी पडणार, कुणाच्या घरी कार्य निघणार हे गृहीत धरलेलं आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा, आकडे, अक्षरं असतात. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कोणी उचलायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळं त्या झाकणावर. कुणाच्या स्मरणशक्तीवर काही सोडलेलं नाही.

निष्ठा आहेच हो. पण आधी भागीदारी आहे, जादा माणूस आहे, झाकणावरची खूण आहे. आपण काय करतो? १२,००० पगार देतो, एक माणूस कमीच ठेवतो, कुठला माल कुठे ठेवलाय ते फक्त आपल्याच डोक्यात असतं, आणि पोराकडून अपेक्षा करतो डबेवाल्याच्या निष्ठेची. हा सौदा बरोबर नाही, आणि पोरांना ते कळतं.

(आणि हेही लक्षात असू द्या की मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, ऑफिसं बंद झाली, तेव्हा एवढी चोख व्यवस्थासुद्धा जागच्या जागी ठप्प झाली. टीम कितीही चांगली असली तरी गिऱ्हाईकच नसेल तर ती काही करू शकत नाही. तो विषय वेगळा.)

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. पंगत.

आजकाल सगळीकडे बुफे झालाय, पण गावाकडे अजून पंगती बसतात. एका पंगतीला शंभर-दोनशे पानं. वाढणारे कोण? भावकीतली पोरं, शेजारची पोरं, नवरीचे मामेभाऊ. कुणाचं ट्रेनिंग झालेलं नाही, कुणाला पैसे मिळणार नाहीत, अर्धे एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी दहा-पंधरा मिनिटांत सगळी पानं वाढून तयार. कसं?

कारण पानाला नकाशा आहे. वरती मीठ. डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, आमटी. मधे भात. हा नकाशा लहानपणापासून जेवता जेवता प्रत्येकाच्या डोक्यात बसलेला असतो. वाढणाऱ्याला विचारावं लागत नाही, "चटणी कुठे वाढू?" एखाद्या पानावर काही राहिलं तर मागून येणाऱ्याला ते लांबूनच दिसतं, कारण तिथली जागा रिकामी असते. आता तुमच्या दुकानातलं एक कपाट डोळ्यासमोर आणा. एखादी वस्तू संपली तर नवीन पोराला न सांगता कळेल का, की इथे काहीतरी असायला हवं होतं?

पंगतीतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. आठ-दहा वर्षांच्या पोराला काय वाढायला देतात? मीठ, नाहीतर पाणी. मीठ चुकून जास्त पडलं तरी पान बिघडत नाही. दोन-तीन लग्नं झाली की चटणी, कोशिंबीर. मग पोळ्या. आमटीची बादली जरा मोठं झाल्यावर, कारण ती गरम असते, सांडली तर पाहुण्याच्या कपड्यांवर. तूप वाढायला हात मोजका लागतो, ते काम जाणत्या माणसाकडे. जिलबी वाढायला आग्रह करणारा पाहिजे, पण कुठे थांबायचं हेही कळणारा. आणि सगळ्यात शेवटी कोठी. कोठीघराची किल्ली ज्याच्या हातात, तो एकदाही पंगतीत दिसत नाही. पण किती पानं उठली, किती राहिली, जिलबी पुरेल का, का आतापासून हात आखडायचा, हे त्यालाच माहीत असतं.

मिठापासून कोठीपर्यंत दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि वाटेत प्रत्येक पायरी सगळ्या गावाला दिसते. "यंदा पोरगा आमटी वाढतोय" यात त्या पोराची जी छाती फुगते, तिला पर्सनल ग्रोथ म्हणा. आपल्या दुकानात पहिल्या दिवशी आलेला पोरगा फरशी पुसतो आणि तिसऱ्या वर्षीही फरशीच पुसतो. पगार ५०० रुपयांनी वाढतो, काम तेच. त्याला आमटीची बादली कधी मिळणार? कॅशला कधी बसणार? ऑर्डर द्यायला होलसेलवाल्याकडे एकटा कधी जाणार? हे तुम्ही ठरवलेलं नसेल, तर तो स्वतः ठरवतो. म्हणजे समोरच्या दुकानात जातो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला, ती. वारी.

माझं दुकान फलटणमध्ये, स्टेशनरी आणि शाळेच्या पुस्तकांचं. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि सासवड, जेजुरी, लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते. साधारण आमच्या सीझनच्याच आसपास. वारीबद्दल लिहिणारे भक्तीबद्दल लिहितात, आणि लिहायलाच पाहिजे. पण तुम्ही धंदा करणार आहात, तर एकदा दिंडीची मांडणी बघा. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. प्रत्येक दिंडीला नंबर. २७ दिंड्या रथाच्या पुढे, बाकीच्या मागे. क्रम ठरलेला. तुम्ही श्रीमंत आहात, तुमच्याकडे माणसं जास्त आहेत, म्हणून तुम्ही पुढे, असं चालत नाही. दिंडीचा ट्रक आधीच पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो, राहुट्या लागलेल्या असतात, स्वयंपाकाला सुरुवात झालेली असते. चालणाऱ्याने चालायचं आणि रांधणाऱ्याने रांधायचं. या सोहळ्याला आज दिसणारी शिस्त लावली एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते आधी शिंदे सरकारच्या पदरी होते. लष्करातल्या माणसाची नजर या सगळ्यात दिसते.

पण माझ्या मते वारीतली सगळ्यात मोठी शिकवण संध्याकाळी तळावर मिळते, समाज आरतीच्या वेळी.

पालखी तळावर येते. दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतो. सगळे टाळ थांबतात. इतका मोठा समाज आणि क्षणात शांतता. ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

आणि त्या शांततेत एखाद्या दिंडीचा टाळ वाजतच राहतो.

नवख्या माणसाला वाटतं, यांना कळलं नाही वाटतं. कळलेलं असतं. टाळ वाजत ठेवणं म्हणजे, आमची तक्रार आहे. चोपदार त्या दिंडीकडे जातो, काय झालं ते ऐकून घेतो. दिंडीच्या क्रमात कोणी घुसलं, राहुटीच्या जागेवरून वाद झाला, टँकर आला नाही, काहीही. निवाडा होतो, टाळ थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितलं जातं. आणि मग आरती.

इथे जरा थांबा. दिवसभर चालून पाय सुजलेले, पोटात भूक, समोर साक्षात माऊली. आणि सगळा समाज थांबलाय, कारण एका दिंडीचं काहीतरी बिनसलंय. आरती आधी आणि तक्रार मग, असं नाही. आधी तक्रार.

आपल्याकडे काय होतं? "आत्ता कस्टमर आहे, नंतर बोल." नंतर शटर लावायची घाई. उद्या माल येणार. परवा रविवार. ते "नंतर" कधीच येत नाही. पोरगा दोन महिने मनात ठेवतो आणि एक दिवस फोन करतो, "दादा, उद्यापासून येणार नाही." कारण विचारलं तर म्हणतो, घरी अडचण आहे. खरं कारण तो तुम्हाला आयुष्यात सांगणार नाही.

टाळाच्या पद्धतीत तीन-चार गोष्टी फार हुशारीने बसवल्यात. तक्रारीला वेळ ठरलेली आहे, त्यामुळे "आता बोलू का नको" हा प्रश्नच नाही. ती रोज आहे, त्यामुळे आजची खुन्नस उद्याच्या वाटेवर जात नाही. तक्रार करायला कुणाच्या केबिनमध्ये एकट्याने जावं लागत नाही, आणि "मालकाचे कान भरतो" असा शिक्काही बसत नाही, कारण टाळ सगळ्यांसमोर वाजतो. आणि वाजवणाऱ्याला आधी काही बोलावं लागत नाही. शब्द जुळवणं हे गरीब माणसाला सगळ्यात अवघड जातं. इथे नुसतं थांबायचं नाही, एवढंच.

आमच्या दुकानात शटर अर्ध्यावर आलं की दहा मिनिटं आम्ही उभ्याउभ्याच बोलतो. प्रश्न एकच: आज काय अडलं? "काही तक्रार आहे का" असं विचारायचं नाही. त्याला उत्तर "नाही" असंच येतं. काय अडलं म्हटलं की माणूस कामाबद्दल बोलतो. एकदा जूनमध्ये एक पोरगा म्हणाला, २०० पानी वह्या सगळ्यात वरच्या फळीवर आहेत आणि सीझनला दर पाच मिनिटांनी शिडी लावावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या खाली आणि भेटवस्तूंचे कागद वर. खर्च शून्य. हे सांगायला कुठलाही सल्लागार लागत नाही, शिडी चढणारा लागतो.

मात्र एक धोका आहे, तो आधीच सांगतो. वारीचं उदाहरण घेतलं की काही मालकांच्या अंगात कीर्तनकार संचारतो. "हे दुकान म्हणजे आपली पंढरी, काम म्हणजे सेवा." कृपा करून हे करू नका. वारकरी स्वतःच्या ओढीने येतो, वर दिंडीची भिशी स्वतः भरतो. तुमचा स्टाफ घर चालवायला येतो. त्याच्यासमोर सेवेची भाषा म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे द्यायचे नाहीत, एवढाच अर्थ त्याला लागतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. वारीतून चोपदार घ्या. भक्ती त्यांची त्यांना राहू द्या.

माझ्या बॅचला येणाऱ्या एक ताई आहेत, त्यांचा मसाल्याचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत चार बायका कामाला. त्यांची सगळ्यात हुशार बाई काम सोडून गेली. ताईंची खात्री होती की कुणीतरी पगार जास्त दिला असणार. मी त्यांना म्हटलं, बाकीच्या तिघींना विचारा, पण पगाराचं नाव काढू नका. पंधरा दिवसांनी कळलं ते असं: मिरची भाजायचं काम कायम त्या एकीकडेच असायचं. तिला चांगलं जमतं म्हणून. दिवसभर ठसका, रात्री डोळ्यांची आग, घरी गेलं की लहान लेकराला जवळ घेता येत नाही, कारण हाताला तिखट. कामात हुशार असण्याची ही शिक्षा. तिने कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं कधी, हेच ठरलेलं नव्हतं.

आता ताई संध्याकाळी पंधरा मिनिटं चहाला सगळ्यांबरोबर बसतात. पहिला आठवडाभर कोणी तोंड उघडलं नाही. हे होणारच, धीर सोडू नका. दुसऱ्या आठवड्यात एकीने मिरचीचा विषय काढला, आणि भाजायला वार ठरले. एकीने १०,००० ॲडव्हान्स मागितला. ताईंना तो देणं शक्य नव्हतं, त्यांनी तिथल्या तिथे नाही सांगितलं, का ते पण सांगितलं. चोपदारसुद्धा प्रत्येक वेळी दिंडीच्या मनासारखा निवाडा देत नाही. पण "बघू" म्हणून लटकवत ठेवत नाही. माझा अनुभव असा की ज्याला आजच "नाही" मिळालं तो टिकतो, महिनाभर "बघू" ऐकलेला जातो.

मग एक अवघड गोष्ट समोर आली, आणि ती तुमच्यापैकी पुष्कळांकडे येणार आहे. दोघी बायका म्हणाल्या, आम्ही भरलेली पाकिटं सासूबाई गिऱ्हाइकासमोर परत वजन करून बघतात. म्हणजे आम्ही चोर.

घरच्या धंद्यात हे फार होतं. शेठचा भाऊ, मालकिणीची सासू, काउंटरवर बसणारे वडील. त्यांच्याविरुद्ध टाळ वाजवायचा कसा? वारीत चोपदार कुठल्या एका दिंडीच्या बाजूने उभा नसतो, म्हणून त्याचं ऐकलं जातं. आपल्या दुकानात चोपदार आपणच आणि दिंडीही आपलीच. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. काही जण जुन्या, सगळ्यांच्या विश्वासातल्या कामगाराला मधे ठेवतात. एका हार्डवेअरवाल्याकडे आठवड्यातून एकदा हिशेब लिहायला बाहेरचे काका येतात, पोरं त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि ते मालकाला दोन गोष्टी ऐकवूही शकतात. तुमच्याकडे असं कोणी आहे का ते शोधा. नात्यातलं नको, पण आवाज असलेलं.

ताईंनी सध्या एवढंच केलंय. डिजिटल वजनकाटा आणलाय, तो बायकांच्याच टेबलावर ठेवलाय, आणि वजन केलं की पाकिटावर त्यांनीच आपल्या नावाचं अक्षर घालायचं असं ठरवलंय. परत वजन करायचं कारण उरलेलं नाही. सासूबाईंशी बोलायचं मात्र अजून राहिलंय. मागच्या शनिवारी मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, आधी मिरचीचा सीझन जाऊ दे."

मी त्यांना म्हटलं, "ताई, हे 'नंतर बोल' झालं." त्या हसल्या. बोलल्या की नाही, ते पुढच्या बॅचला कळेल.